मानेमागचा हात

चष्म्याच्या दुकानातल्या यंत्राच्या खोबणीत हनुवटी टेकवून अख्तरी बसली होती आणि समोरची मुलगी सांगत होती, कपाळ पुढं घ्या आजी, पट्टीला टेकलं पाहिजे. अख्तरीला वाटत होतं टेकलंय. मुलगी म्हणाली, अजून जरासं. तेवढ्यात मागून एक तळवा आला. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं मान संपून केस सुरू होतात तिथल्या खळग्यात, ओढणीवरून तो बेतानं टेकला आणि त्यानं तिचं डोकं बोटभर पुढं सारलं. ढकललं नाही, अर्धवट उघडं दार लोटावं तसं सारलं. कपाळ पट्टीला लागलं. यंत्राच्या आत दूरवर एक रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला लाल छपराचं एकटं घर. ते अंधुक झालं, स्वच्छ झालं, पुन्हा अंधुक झालं. "छान," मुलगी म्हणाली, "अस्संच राहा." अख्तरीला वाटलं फैयाज आत आला असेल. पण बाजूच्या काचेच्या दारापलीकडं फैयाजची पाठ दिसत होती, तो काउंटरपाशी फोनवर बोलत होता. आणि मुलीचे दोन्ही हात यंत्राच्या दांड्यावर होते. हनुवटी सोडवून अख्तरीनं मागं पाहिलं. मागं भिंत होती. स्टूल भिंतीला इतकं लागून होतं की मधे धड माणूस सोडा, मांजरही बसलं नसतं. भिंतीवर कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर होतं आणि त्याचं पान पंख्यानं हलत होतं. मागं कोण होतं, तिनं विचारलं. मुलगी हसली. कुणी नाही आजी, आपण दोघीच. मग डोकं पुढं कुणी घेतलं? मुलगी पुढच्या माणसाचं नाव पुकारता पुकारता म्हणाली, "तुम्हीच की."

रिक्षा कापडबाजारातून वाट काढत निघाली तेव्हा तो तळवा तिथं नव्हता, पण त्याची जागा होती. उशीवरून डोकं उचललं तरी उशीला खळगा राहतो, तशी. तो गरम होता की गार, हे अख्तरी आठवून पाहत होती. कोरडा होता एवढं नक्की. आणि त्याला घाई नव्हती. शेजारी फैयाज बोलत होता. फ्रेम त्यानंच पसंत केली होती, अम्मी तुला हीच बरी दिसती म्हणून. रिक्षा त्यानंच ठरवली होती. ओढणीचं टोक बाहेर लोंबतंय म्हणून त्यानंच उचलून तिच्या मांडीवर आणून ठेवलं होतं. सुप्याच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. दिवसभर हे इकडं घे, ते तिकडं ठेव, असं करून आलेल्या माणसाचे हात घरी आल्यावर एकदम थांबत नाहीत. पोरगा वाईट नव्हता. सोन्यासारखा होता. त्याच्या बॅगेत निळी फाईल होती आणि तिच्यात तो कागद होता, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही चष्म्याबद्दल बोलत होते.

कागदाची गोष्ट दिवाळीनंतर निघाली. आधी एकदा अख्तरीनं चहा गाळला तो साखरेच्या डब्यात. मग एकदा झेंडीगेटपाशी भाजीची पिशवी घेऊन ती उभी राहिली आणि स्वतः राहते ते मुकुंदनगर कुठल्या अंगाला हेच तिला कळेना. चाळीस वर्षं त्या शहरात राहून. रस्ते होते, दुकानं होती, पण कुणीतरी सगळं उचलून आरशातल्यासारखं उलटं ठेवलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि शेवटी फैयाजकडं न बघता तिच्याकडं बघून सांगितलं, की विसरणं सुरू झालंय, वेग कमी आहे, पण वाढणार. आत्ता तुम्ही पुरत्या शुद्धीत आहात. आत्ताच लिहून ठेवा की पुढं तुमच्या वतीनं कोण ठरवणार. घरी आल्यावर फैयाजनं वकिलाकडून मसुदा आणला. मी, अख्तरी दाऊद मणियार, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते, की माझी समज गेल्यास माझा औषधोपचार, शस्त्रक्रिया, देखभाल, याबाबतचे सर्व निर्णय माझ्या वतीने, आणि मग रिकामी जागा. जागा त्यानं मुद्दाम रिकामी ठेवली होती. नाव तू सांग अम्मी, माझंच टाक असं मी म्हणणार नाही. म्हणाला खरा, पण दुसरं नाव आणायचं कुठून? दाऊद जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक नव्हती. सून सुमैरा पोरांच्या शाळा, ट्यूशन यात गळ्यापर्यंत बुडालेली. गुरुवारी नोटरीकडं जायचं ठरलं. रिकामी जागा चार बोटं रुंद होती. तीत एक नाव बसेल एवढीच. अख्तरी रोज फाईल उघडून तिच्याकडं बघायची आणि मिटवून ठेवायची. फैयाजला वाटायचं आई लिहायला घाबरते, मरणाला घाबरते. ती मरणाला घाबरत नव्हती. दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा माणूस काय करू शकतो, हे तिला माहीत होतं, कारण तो माणूस ती स्वतः होती. आणि हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

रिक्षा खड्ड्यातून गेली, मानेला हिसका बसला, आणि तळवा तिला एकदम ओळखीचा वाटला. अरे हा तर जुना आहे. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातला. नेवाशाच्या खाली, प्रवरेच्या काठच्या गावात, पत्र्याच्या घरात तिचा निकाह झाला तेव्हाचा. त्यांच्यात रीत अशी, की नवरदेव बाहेर मांडवात आणि नवरी आत बायकांत. नवरीच्या वतीनं एक वकील नेमायचा. कोर्टातला नव्हे, घरातलाच कुणी वडीलधारा. शिवाय दोन गवाह. हे तिघं आत येतात, नवरीला तीनदा विचारतात आणि तिचा होकार घेऊन बाहेर जातात. नवरी तोंडानं बोलली तर उत्तम. नाही बोलली तरी अडत नाही, लाजून गप्प बसली म्हणजे हो. आणि मान हलवली म्हणजे तर पक्कंच. अख्तरीचे वकील तिचे मामू. त्यांच्या कपड्यांना अत्तराचा आणि बैलांचा मिळून वास येत होता. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिला वाटलं, थोडं थांबा म्हणावं. नाही म्हणायचं नव्हतं. फक्त थोडं थांबा. अकरावी पास झालेली एकोणीस वर्षांची पोरगी. बाईंनी सांगितलं होतं मास्तरणीच्या कोर्सचा फॉर्म भर. फॉर्म पेटीत होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या मेंदीच्या हातावर माशी बसली होती आणि ती माशीकडं बघत होती. खोलीतल्या बायकांचे श्वास थांबले होते. तिसऱ्यांदा विचारलं, आणि मागून मावशीचा, चांदखालाचा तळवा मानेच्या खळग्यात येऊन टेकला. डोकं पुढं गेलं. मामू "माशाअल्ला" म्हणाले आणि वळले. बाहेर खारका उधळल्याचा आवाज आला.

दाऊद चांगला माणूस निघाला. लष्करी डेपोत स्टोअरकीपर होता, आवाज चढवला नाही, हात उचलला नाही, पहिला घास कायम तिच्यासाठी काढून ठेवला. तेच तर अवघड झालं. काही बिघडलं असतं तर विचारता आलं असतं, की तो होकार कुणाचा होता. सगळं नीट चाललेल्या संसारात असला प्रश्न विचारणारी बाई वेडीच म्हणायची. तरी तिनं एकदा विचारलं होतं. फैयाज पोटात होता, ती माहेरी गेली होती, चांदखाला ओसरीवर बसून तिच्या हातात हिरवा चुडा भरत होती. अख्तरी म्हणाली, खाला, त्या दिवशी माझी मान तू वाकवली का गं? चांदखालानं वर पाहिलं नाही. बांगडी हाडावरून सरकवत म्हणाली, "मी नुस्ता हात ठेवला हुता. मान तुझीच वाकली."

चांदखाला मणेरीण होती. चाळीस गावं तिची. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर पेटी, पायात मोटारीच्या टायरच्या चपला. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मूलबाळ नाही. पाय हेच तिचं सगळं. उंबऱ्यावर बसायची, समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायची. माप कधी विचारायची नाही. अंगठा तळव्यात दुमडायची, बोटांच्या मुळाची हाडं एकदा दाबायची आणि माळेतून बरोबर तोच घेर काढायची. बायका आपलं माप कमी सांगतात, खाला म्हणायची. तोंड खोटं बोलतं, हाड न्हाई बोलत. सुट्टीत अख्तरी तिच्याबरोबर फिरायची तेव्हा खालानं तिला डोळे मिटून मापं शिकवली. हा हात कितीचा? सव्वादोन. हा? अडीच. हा? पावणेतीन, खाला, बाळंतिणीचा आहे. खालाचा स्वतःचा हात सव्वादोनचा, शाळकरी पोरीसारखा लहानखुरा, आणि आतून लोण्यासारखा मऊ. कितीही आवळ बांगडी चढवली तरी बायकांना कळायचं नाही. अख्तरीच्या हातावर मात्र खाला चिडायची. अडीचची बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडायची, पावणेतीनची मनगटावर ढिली होऊन गळायची. "तुझा हात मधलाच हाय बग," म्हणायची, "कुठल्या माळंत बसत न्हाई. चाळीस गावांत आसला हात न्हाई दुसरा."

घरी आल्यावर तो तळवा पुन्हा यायला लागला. ठरलेली वेळ नाही, आवाज नाही. सुमैरानं विचारलं, अम्मी, आज खिचडी चालेल ना? आणि अख्तरीची मान आधी हलली, मग तिला प्रश्न समजला. फैयाज म्हणाला, खिडकी बंद करतो, वारा लागेल, मान हलली. टीव्हीवाला म्हणाला जुना बॉक्स बदलायचा; मान हलली. प्रत्येक वेळी हलण्याच्या किंचित आधी मागं ते टेकणं. घरातले खूश होते. अम्मी हल्ली कशाला नाही म्हणत नाही. बुधवारी दुपारी ती जोहरच्या नमाजाला उभी राहिली. गुडघे अजून साथ देत होते. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं की एरवी अंगावरचं सगळं उतरायचं, विहिरीत खाली खाली गेल्यावर वरचे आवाज बंद व्हावेत तसं. त्या दिवशी कपाळ टेकलं आणि तिला कळलं की मागं तळवा आहे. म्हणजे हे डोकं तिनं टेकवलं नव्हतं. ती तशीच राहिली. वर उठावं तरी पंचाईत. उठवलंही त्यानंच तर? चटईचा वास नाकात जात होता, बाहेर भंगारवाला ओरडत होता, आणि अख्तरी अल्लासमोर ओणवी होऊन वाट बघत होती, की मागचा माणूस आधी जाऊ दे. तो गेला तेव्हा कपाळावर चटईचे वळ उमटले होते. तिनं नमाज पहिल्यापासून पुन्हा केली. दुसऱ्यांदाची तिची होती की नाही, हे विचारायला कुणी नव्हतं.

चार वाजता आक्काबाई आली. शेजारची, मूळची कर्जतकडची, शाळेत शिपाई होती ती आता रिटायर. गुरुवारी दोन साक्षीदारांतली एक ती होती, आणि त्याचा तिला मोठा मान वाटत होता. नवी साडी काढून ठेवली होती. फाईलमधली रिकामी जागा बघून म्हणाली, माजं नाव टाका भाबी. तुमची शुद्ध गेली की तुमच्या नावानं रोज दोन भजी जास्त मागून मीच खाईन. मग हसू ओसरल्यावर तिनं अख्तरीच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगा हाय ना सोन्यावानी, मंग पेन का अडतंय? अख्तरी म्हणाली, आक्काबाई, एखाद्याच्या मनात काय आहे हे दुसऱ्याला कसं कळतं? आक्काबाईनं बशीतला चहा संपवला. "न्हाईच कळत. गुरासारखं डोळ्यात बगायचं आन् आपल्याला वाटंल ते करायचं," ती म्हणाली. बशी खाली ठेवत पुढं म्हणाली, "आन् वर म्हनायचं, तिलाच पायजे हुतं."

अख्तरीनं हातातला कप खाली ठेवला. आक्काबाईला काही माहीत असणं शक्य नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी ती या गल्लीत राहायलाही आली नव्हती. तेव्हा चांदखाला शेवटची तीन वर्षं अख्तरीकडंच होती. आधी ती गावांची नावं विसरली, मग माणसांची, मग मापं; शेवटी बोलणंच गेलं. पलंगावर बसून समोर येईल त्याचा हात हातात घ्यायची, हाडं दाबायची आणि तोंडाकडं बघत राहायची, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखी. बोलत होती तेव्हा एकदा म्हणाली होती, या पायांनी चाळीस गावं तुडवली अख्तरी, मला जिमिनीत घालाल तेव्हा पायासकट घाला. हसत म्हणाली होती. आणि मग साखरेच्या आजारानं त्यातलाच एक पाय काळा पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर चार-आठ दिवस. माणूस चांगला होता. पेशंटला न विचारता पुढं जायचं नाही अशी त्याची सवय. वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून त्यानं विचारलं, आजी, पाय काढूया? खाला छताकडं बघत होती. त्यानं परत विचारलं. अख्तरी तिला पाणी पाजायला पलंगाच्या डोक्याशी उभी होती, तिचा उजवा हात खालाच्या मानेखाली होता. तिसऱ्यांदा विचारलं. आणि खालाची मान पुढं झुकली. डॉक्टर म्हणाले, "हो म्हणतायत." संमतीच्या कागदावर खालाचा अंगठा उठवला. अख्तरीनं घरी येऊन सगळ्यांना तेच सांगितलं, खाला स्वतः हो म्हणाली. शुद्ध नव्हती तरी म्हणाली, मान हलवली. त्या मान हलवण्याची गोष्ट पाहुण्यांत दहा वेळा सांगितली गेली आणि दर वेळी ती थोडी मोठी झाली.

पाय दवाखान्यानं पांढऱ्या कापडात बांधून दिला. त्यांच्यात अंगाचा तुकडाही टाकून देत नाहीत, मातीत घालतात. दाऊद आणि फैयाज तो कब्रस्तानात घेऊन गेले. फैयाज तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, पाय त्याच्या मांडीवर होता, रिक्षात. परत आल्यावर तो जेवला नाही. एवढंच म्हणाला, वजन होतं. खाला पुढं सात महिने जगली. सात महिने तिचा हात चादरीखाली जायचा, चाचपडायचा, घोट्याच्या वर येऊन थांबायचा आणि परत यायचा. कधी ती अख्तरीचं मनगट धरायची, बोटांच्या मुळाची हाडं दाबायची, दाबतच राहायची. रागानं नाही. मापच घेत असावी. मग ती गेली, आणि लोकांनी तिला पायाशेजारी पुरलं. सात महिने आधी जाऊन वाट बघणाऱ्या त्या पायाशेजारी. तेव्हापासून अख्तरीनं एकच गोष्ट स्वतःला विचारलेली नव्हती, की आपण नुसता हात ठेवला होता का.

गुरुवारी सकाळी जुन्या कोर्टापाशी, जिना चढून पहिल्या मजल्यावर, कल्याणराव वकिलांच्या खोलीत पाच माणसं टेबलाभोवती बसली. कल्याणराव सत्तरीचे, नोटरीचं काम करून करून शिक्क्यासारखेच चौकोनी झालेले. दुसरा साक्षीदार मच्छिंद्र, फैयाजच्या कारखान्यातला, रात्रपाळी करून तसाच आलेला, जांभया गिळत होता. आक्काबाई नव्या साडीत ताठ. अख्तरीनं एक काम आधीच केलं, खुर्ची भिंतीला टेकवून घेतली. मग तिनं हात पाहिले. कल्याणरावांचा एक शिक्क्यावर, एक शाईच्या गादीवर. मच्छिंद्रचे दोन्ही हनुवटीखाली. आक्काबाईचे पर्सवर. फैयाजचे फाईलवर, एकावर एक. सगळे हात टेबलावर होते. तिचे स्वतःचे तेवढे टेबलाखाली, मांडीत होते, ते कुणाला दिसत नव्हते. रिकाम्या जागेत काय टाकायचं, कल्याणरावांनी विचारलं. अख्तरी म्हणाली, फैयाज. दुसरं काय म्हणणार? त्यांनी नाव लिहिलं, कागद पहिल्यापासून वाचून दाखवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, शिक्का मारण्याआधी मी तोंडी विचारतो. वाचलेलं समजलं? मान्य आहे?

अख्तरीला म्हणायचं होतं, थोडं थांबा. खिडकीतून लिंबाच्या झाडावरचा कलकलाट येत होता. फैयाज तिच्याकडं बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. कल्याणरावांनी पुन्हा विचारलं, आजी, मान्य ना? खोलीतले श्वास थांबले. तिला अत्तराचा आणि बैलांचा वास आला. कल्याणराव पुढं वाकले, "आजी?"

मागं भिंत होती, तरी तो आला. खळग्यात टेकला. कोरडा, बिनघाईचा. आणि अख्तरीची मान पुढं झुकली. "बरं," कल्याणराव म्हणाले आणि त्यांनी शिक्का उचलला.

तेव्हा अख्तरीनं मांडीतला उजवा हात काढला, ओढणीखालून मागं नेला आणि त्या हाताला धरलं. तो होता. तिला दचकायलाही वेळ मिळाला नाही, कारण तिच्या बोटांनी पन्नास वर्षांपूर्वीचं काम आपलं आपण सुरू केलं होतं. खाला, तू आहेस ना? मग सव्वादोन लागेल. तिनं तो अंगठा तळव्यात दुमडला, बोटांच्या मुळाची हाडं दाबली. सव्वादोन नव्हता. मोठा होता. अडीचला अंगठ्याच्या मुळाशी अडेल. पावणेतीनला मनगटावर ढिला होऊन गळेल. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. डोळे मिटले. हाड खोटं बोलत नाही. उजवाच हात होता तो. तिनं डोळे उघडले; तिचा डावा मांडीत होता, तिला तो दिसत होता. आणि उजव्या हातात उजवा हात धरून ती बसली होती.

"थांबा," अख्तरी म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा आला की मच्छिंद्रची जांभई अर्ध्यावर मोडली. शिक्का हवेत राहिला. ती फैयाजकडं वळली.

"चांदखालानं मान हलवली नव्हती. मी हलवली."

फैयाजनं फाईलवरचे हात हलवले नाहीत. तो त्यांच्याकडंच बघत होता. मग म्हणाला, "मला माहितीय, अम्मी. मी दारात होतो. थर्मास घेऊन."

"मग बोलला नाहीस?"

"तू डॉक्टरकडं बघत होतीस. तुझ्या तोंडावरून मला वाटलं," तो थांबला, "मला वाटलं, तुझा हात काय करतोय हे तुलाच माहीत नाही."

सोळा वर्षं. पाय मांडीवर घेऊन रिक्षात बसला तेव्हा त्याला माहीत होतं. पाहुण्यांत ती गोष्ट मोठी होत गेली तेव्हा तो तिथंच बसलेला असायचा. अख्तरीला वाटलं होतं समोर कुणी नव्हतं. आणि समोर हाच होता. कल्याणराव घसा खाकरून म्हणाले, की मग नाव बदलायचं का? अख्तरी म्हणाली, नाव तेच. खाली एक ओळ वाढवा. मी सांगते तशी. आणि ती सांगू लागली, शाळेत पोरांना शुद्धलेखन घालतात तशी, जे तिनं कधी घातलं नव्हतं. माझी समज गेल्यावर फैयाजनं जे ठरवायचं ते ठरवावं. चुकलं तर चुकू दे. पण माझी मान कुणी हलवू नये. मी मान हलवली असं कुणाला सांगू नये. सांगायचं तर त्यानं सांगावं, की मी ठरवलं. कल्याणराव म्हणाले, असली ओळ कायद्याच्या कागदात नसते आजी, उद्या कुणी हसेल. "लिवा की वकीलसाहेब," आक्काबाई म्हणाली, "हसनाऱ्याला माज्याकडं धाडा." त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. विचारलं. अख्तरीनं मान ताठ ठेवली, इतकी की शीर दुखली, आणि तोंडानं म्हणाली, हो. एकच शब्द. तिला तो कानाला परका लागला. असा तिनं कधी ऐकला नव्हता.

सही करताना मात्र तिला उजवा हात पुढं आणावा लागला, म्हणजे मागचा सोडावा लागला. तो गेला की तिथंच राहिला हे तिला कळलं नाही.

खाली रिक्षा उभी होती. नवीन रिक्षांचं छप्पर बुटकं असतं. फैयाज नेहमी आईच्या डोक्याला लागू नये म्हणून मागून हात धरायचा आणि अलगद वाकवून आत बसवायचा. तसा त्याचा हात उठला. मानेपासून चार बोटांवर आला आणि थांबला. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. आक्काबाई मागून म्हणाली, बसा की भाबी, ऊन हाय. अख्तरी रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिली. मागं एक हात थांबलेला तिला जाणवत होता. एकच आहे की दोन, हे मागं न बघता सांगता येत नव्हतं. ती बघणार नव्हती. ती वाट बघत होती, मान आपली आपण वाकते का याची.